नाथसागर भरला, तरी टप्पा आठवड्याचाच

दर ऑक्टोबरात मराठवाड्यात एक ठरलेलं भांडण सुरू होतं. १५ ऑक्टोबरला जायकवाडी धरणात, म्हणजे पैठणच्या नाथसागरात, किती पाणी आहे, उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या वर आहे की खाली, आणि खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून किती सोडायचं, यावर पंधरा-वीस दिवस धुरळा उडतो. तिकडचे लोक न्यायालयात जातात, इकडे रास्ता रोको होतो, चॅनेलवर दोन्हीकडचे आमदार एकमेकांवर खेकसतात. आणि दोघांच्याही तोंडी वाक्य एकच: हा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. ज्या वर्षी धरण भरतं त्या वर्षी मात्र कुणी भांडत नाही. तेव्हा जलपूजन होतं, साडी-चोळी आणि नारळ वाहिला जातो, दरवाजे उघडलेले पाहायला पैठणला गाड्यांची रांग लागते. संभाजीनगरच्या वसाहतींत मात्र त्याही वर्षी पाणी पाच, सात, कधी आठ दिवसांनीच येतं. पाणी येण्याच्या या पाळीलाच इथे ‘टप्पा’ म्हणतात.

दुष्काळाच्या वर्षीही आठवड्याने आणि सुकाळाच्या वर्षीही आठवड्यानेच पाणी येत असेल, तर या टंचाईचा संबंध पावसाशी कसा लावायचा? मराठवाड्यातला दुष्काळ खरा आहे, पण छत्रपती संभाजीनगरचा नळ कोरडा राहण्याचं ते कारण नाही, असं माझं म्हणणं आहे. जालना आणि लातूरलाही ते बऱ्याच अंशी लागू पडतं. शहराची टंचाई जलवाहिन्यांत आहे, व्हॉल्व्हवर आहे, जलकुंभांत आहे आणि सगळ्यांत जास्त ती न ठेवलेल्या हिशोबात आहे. तिला दुष्काळ म्हटलं की शहर चालवणारे सुटतात. शिवाय ज्या शेतकऱ्याचा दुष्काळ खरा आहे त्याची बाजूही कमजोर होते, आणि याबद्दल कुणी बोलतच नाही.

हिशोब अवघड नाही. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाख होती. आज ती सढळ हाताने अठरा लाख धरू. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा सरकारी निकष. म्हणजे दिवसाला साधारण २४ कोटी लिटर आणि वर्षाला तीन टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडं वर. गळती धरून चार म्हणा. आता जायकवाडी पाहा. एकूण साठवण १०२ टीएमसीहून अधिक, त्यातला उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आणि त्याखालचा मृतसाठा २६ टीएमसी. संपूर्ण शहराला रोज पोटभर पाणी द्यायचं ठरवलं तरी भरलेल्या धरणातल्या उपयुक्त पाण्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच पाणी लागतं. वर्तमानपत्रात ‘जायकवाडी शून्य टक्क्यावर’ असा मथळा येतो त्या दिवशीही मृतसाठ्यात शहराच्या कित्येक वर्षांच्या गरजेइतकं पाणी असतं. त्यात गाळ आहे, त्याच धरणावर जालना आणि औद्योगिक वसाहतीही जगतात, मृतसाठ्यातून उपसायला आपत्कालीन पंप बसवावे लागतात, हे सगळं मान्य. बाष्पीभवनाचं तर विचारूच नका. नाथसागर उथळ आहे, पूर्ण भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. त्याच्या निम्म्या क्षेत्रावरून वर्षाला एक मीटरचा थर उडाला तरी सहा टीएमसी गेलं, म्हणजे शहर पितं त्याच्या दीडपट ते दुप्पट. सूर्य शहरापेक्षा जास्त पितो आणि तरीही शहरापुरतं उरतंच.

हे कागदी गणित वाटत असेल तर मे २०२२ आठवा. त्या महिन्यात देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली शहरात जलआक्रोश मोर्चा निघाला. रिकामे हंडे घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि त्यांचा राग शंभर टक्के खरा होता. पण त्याआधीच्या सप्टेंबरात, गुलाब चक्रीवादळाच्या पावसात, धरण भरून गोदावरीत पाणी सोडावं लागलं होतं. भरलेल्या धरणापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या शहरात आठ महिन्यांनी पाण्यासाठी मोर्चा निघतो, याला पर्जन्यमान कारणीभूत आहे असं कोणता हवामानतज्ज्ञ म्हणेल? मोर्च्यानंतर सव्वा महिन्यात राज्यातलं सरकार बदललं. मोर्चा काढणारे सत्तेत आले, सत्तेतले विरोधात गेले आणि टप्पा जिथे होता तिथेच राहिला. म्हणून हा प्रश्न अमुक पक्षाचा किंवा तमुक पक्षाचा, अशा वादात मला रस नाही.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यांत वजनदार म्हणणं. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे, पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. जमिनीखाली काळा कातळ, त्यात पाणी मुरायला आणि साठायला जागा कमी. १९७२च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाल्ला, पण त्या वेळी टंचाई धान्याची होती. पुष्कळ गावांत पिण्यापुरतं पाणी विहिरींत टिकून होतं, असं त्या पिढीतली माणसं आजही सांगतात. आज गोदामं भरलेली आहेत आणि आठशे-हजार फुटांचा बोअर फुफाटा उडवतो. त्यावर प्रादेशिक अन्यायाची जखम. मागे पडलेल्या भागांना न्याय्य वाटा मिळावा म्हणून १९५३चा नागपूर करार झाला, घटनेत ३७१(२) कलम आलं, १९८४मध्ये दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला, पण तो भरला नाही. शंकरराव चव्हाणांनी जायकवाडीसाठी किती किल्ले लढवले ते आमच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९६५मध्ये पायाभरणी केली, इंदिरा गांधींनी १९७६मध्ये धरण राष्ट्राला अर्पण केलं आणि पुढे वरच्या अंगाला धरणं वाढत गेल्यामुळे खाली येणारं पाणी घटत गेलं. यातलं एक अक्षरही मी नाकारत नाही. २००५च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचा हक्क दिला, मेंढेगिरी समितीने वरच्या धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचं याचं सूत्र घातलं आणि २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. २०१५ला १२.८४ टीएमसी, २०१८ला ८.९९ आणि २०२३ला ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचे आदेश निघाले ते याच कायद्याच्या आणि सूत्राच्या बळावर. हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

पण हा हक्क कुणाचा? कायद्याने तो खोऱ्याचा आहे. पैठणच्या डाव्या-उजव्या कालव्यावर कापूस, ज्वारी, गहू, ऊस घेणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे आणि तो त्याने शेतकरी म्हणून उजळ माथ्याने मागावा. आम्ही मात्र शहराची तहान पुढे करतो, कारण तहान म्हटलं की समोरचा गप्प बसतो असा आमचा समज. समोरचा गप्प बसत नाही. नाशिकचा माणूस हिशोब मांडतो: तुमच्या शहरांना लागतं तीन-चार टीएमसी, मृतसाठा पडलाय सव्वीसचा, मग आमच्या द्राक्षबागांच्या तोंडचं पाणी पिण्याच्या नावाने कशाला नेता? आणि या प्रश्नापुढे आमच्याकडे उत्तर नसतं, कारण आम्ही चुकीचा अर्ज केलेला असतो. सिंचनाच्या न्याय्य वाट्यासाठीचा खटला तहानेच्या नावाने लढवला की तो दरवर्षी हरण्याच्या बेतात येतो. शहराने शेतकऱ्याची ढाल होऊ नये आणि शेतकऱ्याच्या दुष्काळामागे आपला गलथानपणाही लपवू नये.

‘मग लातूरचं काय? तिथे तर रेल्वेने पाणी आणावं लागलं.’ हा प्रश्न येणारच, आणि लातूर हाच माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठा अपवाद आहे. २०१५ला पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पडला, मांजरा धरण कोरडं पडलं आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून ‘जलदूत’ ही पहिली पाण्याची रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली. स्टेशनवर लोकांनी गाडीचं स्वागत केलं, देशभरातले कॅमेरे आले. त्या वर्षी लातूरकडे पाणी नव्हतं, हे खरंच. पण ते आधीच्या वर्षांत कुठे गेलं? मांजराचा उपयुक्त साठा साधारण १७७ दशलक्ष घनमीटर. चार लाखांच्या लातूरला माणशी १३५ लिटरने वर्षाला लागतं वीस. सोबत केज, अंबाजोगाई, कळंब धरा, बाष्पीभवन धरा, तरी एकदा भरलेल्या धरणात दोन-तीन वाईट वर्षं निभावण्याची ताकद असते. अट एवढीच, की पिण्याचा वाटा आधी बाजूला काढून त्याला कुलूप लावायचं. ते कुलूप लागत नाही. खोऱ्यात साखर कारखाने उभे राहिले आणि उसाला पाणी गेलं. एका हेक्टर उसाला हंगामात साधारण दोन कोटी लिटर पाणी लागतं. पंचवीस लाख लिटरच्या आठ जलदूत म्हणजे एक हेक्टर ऊस. तोच आकडा माणसांत मोजला तर चारशे लोकांचं वर्षभराचं पाणी.

इथे लगेच शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची शहरी खोड जडते, तीही मला मान्य नाही. हमखास खरेदी आणि ठरलेला दर असलेलं दुसरं कोणतं पीक आहे त्याच्याकडे? तुरीचा भाव पडला की कोण येतं विचारायला? ऊस लावणं हा त्याचा शहाणपणा आहे. पिण्याचं पाणी राखून न ठेवणं हा मात्र धोरणाचा नाकर्तेपणा. त्याच २०१६मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने बिअर आणि मद्याच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून अधिक कापायला लावलं. टाळ्या पडल्या. पण त्यामुळे किती घरांतला टप्पा एका दिवसाने तरी अलीकडे आला, हे कुणी विचारलं नाही. बिअर हे टीव्हीला आवडणारं पाप होतं, एवढंच.

शहरातलं पाणी नेमकं कुठे हरवतं? जायकवाडीहून ते पंपाने फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथून नक्षत्रवाडीला आणि मग शहरभरच्या जलकुंभांत. कित्येक वर्षं सगळा भार दोन वाहिन्यांवर होता: सत्तरच्या दशकातली ७०० मिलिमीटरची आणि नव्वदच्या दशकातली १४०० मिलिमीटरची. पैठण रस्त्यावर त्यातली एक फुटली की आकाशात कारंजं उडतं आणि मोबाइलवर फोटो फिरतात. पंपगृहाची वीज अर्धा तास गेली तर शहराचा टप्पा एक दिवस पुढे ढकलला जातो, कारण रिकामी झालेली वाहिनी पुन्हा भरायलाच काही तास जातात. मग लाइनमन येतो. लोखंडी चावी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात घालून फिरवतो, कधी रात्री दोनला, कधी पहाटे चारला. गल्लीत फोन खणखणतात, दिवे लागतात आणि पाच मिनिटांत प्रत्येक घरातली मोटार थेट नळाला लागते. ज्याची मोटार एक एचपीची त्याची टाकी भरते, ज्याची अर्ध्याची तो शिव्या घालत बसतो, आणि गल्लीच्या टोकाला मोटारच नसलेल्या घरात नळ फक्त फुसफुसतो. पहिली दहा मिनिटं येणारं काळपट पाणी गटारात सोडायचं. मागच्या टप्प्यातलं ड्रममध्ये उरलेलं पाणी ‘शिळं’ म्हणून अंगणात ओतायचं. आठवडाभर थेंब-थेंब जपलेलं पाणी नवं आलं की ओतून देणारी आपली घरं बेजबाबदार नाहीत. पुढचा टप्पा कधी येईल याची खात्री नसलेला माणूस भांडं रिकामं ठेवूच शकत नाही, आणि सहा दिवसांचं पाणी पिण्याची हिंमतही त्याला होत नाही.

दर्जाचा प्रश्नही इथेच जन्मतो. फारोळ्यात पाणी शुद्ध होतं, पण वाहिनीत सतत दाब असेल तरच ते शुद्ध राहतं. दाब असलेली वाहिनी चिरली तर पाणी बाहेर झिरपतं. आठवडाभर रिकामी पडलेली वाहिनी चिरली असेल तर शेजारच्या ड्रेनेजचं पाणी तिच्यात शिरतं. त्यात पाणी आल्याबरोबर शंभर मोटारी एकदम चालू होतात आणि वाहिनी स्ट्रॉसारखी ओढतात. नोव्हेंबर २०१७मध्ये छावणी भागात गॅस्ट्रोची साथ आली, हजारो लोक आजारी पडले आणि बोट दूषित पाण्याकडेच दाखवलं गेलं. उपाय म्हणून आपण काय शोधला? प्रत्येक घरात आरओ, प्रत्येक दुकानात वीस लिटरचा थंड जार. आरओ एक लिटर गोड करताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो आणि जारवाला ते बोअरमधून उपसतो. टंचाईच्या शहरात शुद्धतेची ही किंमत कुणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. दरम्यान वाळूजच्या कारखान्यांचं सांडपाणी आणि शहराचा मैला घेऊन खाम नदी जाते ती नाथसागराकडेच.

या शहराला पाणी वाटण्याची अक्कल नव्हती, असंही नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे तेव्हाच्या याच शहरासाठी, नहर बांधली. उत्तरेच्या डोंगरपायथ्याला झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि खापरी नळांतून, निव्वळ उताराच्या बळावर गावात आणलं. ठिकठिकाणी उतरून साफ करता यावं म्हणून तोंडं ठेवली. त्याच पद्धतीच्या, पण नंतरच्या नहरीचं पाणी पाणचक्कीत आजही पडतं. मला त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत, अठरा लाखांचं शहर नहरीवर जगणार नाही हे उघड आहे. माझा मुद्दा नहर कशी मेली याबद्दल आहे. तिच्यावर घरं चढली, पायांनी नळ फोडले आणि कुठून कुठे जाते हे माहीत असणारी माणसं गेली. पाऊस तेव्हाही आजच्याइतकाच लहरी होता.

तीच गत आधुनिक योजनांची. समांतर जलवाहिनीच्या नावाने शहराने वर्षानुवर्षं वाद घातला. २०१४मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती गेला, २०१६मध्ये महापालिकेने करार मोडला. खासगीकरणाला विरोध करणाऱ्यांची भीती निराधार नव्हती, पाण्याचा धंदा होऊ नये हे मलाही वाटतं. पण तो करार गेल्यावर ‘आता आम्ही असं चालवू’ हे कुणीच सांगितलं नाही. डिसेंबर २०२०मध्ये १,६८० कोटींच्या नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, खर्च २,७४० कोटींवर गेला, मुदती उलटल्या, आणि मधल्या काळासाठी ९०० मिलिमीटरची तातडीची वाहिनी टाकावी लागली. अडीच मीटर व्यासाची नवी वाहिनी लागणारच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण शहराच्या दारापर्यंत दुप्पट पाणी आणून आतल्या जुन्या जाळ्यात सोडलं तर गळतीही दुप्पट होईल. अकरा धरणं जोडणारी मराठवाडा वॉटर ग्रीड आणि पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी गोदावरीत वळवण्याची स्वप्नं याच रांगेतली. ती होवोत, जरूर होवोत. पण ग्रीडचं शेवटचं टोक शेवटी याच लाइनमनच्या चावीला येऊन मिळणार आहे.

‘लोक पाणीपट्टी भरत नाहीत, महापालिका करणार तरी काय?’ ही पालिकेची कायमची तक्रार. थकबाकी मोठी आहे, खरं आहे. पण वर्षाला ४,०५० रुपये घेऊन वर्षातून पन्नास-साठ दिवस पाणी द्यायचं, राग वाढला की पट्टी निम्मी करून २,०२५ करायची, आणि टप्पा तसाच ठेवायचा, याला काय म्हणायचं? लोकांना स्वस्त पाणी नकोय, त्यांना पाणी हवंय. शहराच्या सातारा-देवळाई भागात किंवा गुंठेवारीच्या वस्तीत राहणारं कुटुंब उन्हाळ्यात टँकर आणि जारवर जेवढं उधळतं, त्यापुढे पाणीपट्टी किरकोळ आहे. पैसे द्यायची तयारी नसती तर हा टँकरचा बाजार उभाच राहिला नसता.

आणि हे मराठी मुलखात जमत नाही असंही नाही. कराडशेजारच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू केलं, त्याला दीड दशक होऊन गेलं. ते गाव लहान आहे, कृष्णा-कोयनेच्या काठावर आहे, हे आक्षेप बरोबर आहेत. मग पाटोदा घ्या. वाळूजच्या बाजूला, आमच्याच तालुक्यात, आमच्याच पावसात. भास्करराव पेरे पाटलांच्या काळात त्या ग्रामपंचायतीने घरोघरी मीटर बसवले आणि पिण्याचं शुद्ध पाणी वेगळं दिलं. गावाला जे जमलं ते महापालिकेला जमत नाही, कारण मीटर आला की लाइनमनवरची नगरसेवकाची हुकमत संपते. माझ्या वॉर्डात पाणी जास्त वेळ सोडा, हा फोन पुढे करताच येत नाही. टँकरच्या फेऱ्याही मोजल्या जातात.

तरीही सुरुवात घरच्या मीटरने करू नये. ज्या नळातून हवा येते त्याला मीटर लावला तर तो हवेचंही बिल काढतो आणि लोक तो उचकटून फेकतात. ते बरोबरच करतात. पहिला मीटर पंपगृहावर, दुसरा फारोळ्याला, मग एकेका जलकुंभाच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावर. रोज किती आलं, किती गेलं, कोणत्या भागात किती वेळ व्हॉल्व्ह उघडा होता, हे आकडे त्याच दिवशी सगळ्यांना दिसतील असे टाकावेत. याला हजारो कोटी लागत नाहीत आणि पावसाची वाटही पाहावी लागत नाही. सिडकोच्या जलकुंभातून किती पाणी निघालं आणि तिथल्या एन-सात सेक्टरच्या घरांत किती पोचलं हा फरक एकदा कागदावर आला, की पुढच्या ऑक्टोबरात नाशिककडे बोट दाखवण्याआधी शहराला आधी स्वतःच्या आयुक्तांना आणि नगरसेवकांना तो फरक विचारावा लागेल. कालव्यावरचा शेतकरी मग आपला वाटा आपल्या नावाने मागायला मोकळा.